गावचे वाचनालय आणि मोबाईलवरचे पुस्तक : मालकी कोणाची, परवानगी कोणाची?



या सदरातून आपण लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, पाचट कुजविणे इ. विषयांचा अभ्यास करीत आलो. आजचा विषय वेगळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक गावांत सार्वजनिक वाचनालये आहेत, आणि त्यांच्या कार्यकारिणीवर जी मंडळी आहेत तीच आपली ऊस उत्पादक सभासद मंडळी आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत शेतकी गट कार्यालयात ऊस नोंदीच्या कामाला आलेली ही मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, आता सगळी पुस्तकं मोबाईलवर मिळतात म्हणे. मग कपाटं कशाला सांभाळायची?" एका गावात तर जुनी कपाटे व पुस्तके रद्दीत काढून, त्या पैशातून टॅब घ्यावेत असा ठराव येऊ घातला आहे.

ठराव करणे सोपे असते, निस्तरणे अवघड. तेव्हा मोबाईलवरचे पुस्तक, म्हणजे ई-पुस्तक, वाचनालयाला देवघेवीसाठी मिळते कसे, त्यात अडचणी कोणत्या, आणि छोट्या वाचनालयाने काय करावे, याचा विचार या लेखात करू.

उदाहरण अलिबागचे

उदाहरणासाठी अलिबाग मुद्दाम घेतो. तेथे आपल्यासारखा ऊस नाही. भात, नारळ, सुपारी आणि पांढरा कांदा ही तिकडची पिके. पण थळचा खत कारखाना अलिबागजवळच आहे आणि तेथला युरिया आपल्या सऱ्यांत पडतो, म्हणून हे नाव आपल्याला परके नाही. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे ठाणे असल्याने जिल्ह्याचे शासकीय ग्रंथालयही तेथेच आहे.

पुस्तकाच्या दृष्टीने ही जागा अवघड. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, समुद्राची खारी हवा, चार महिने भिंतींना ओल. कागदाला बुरशी धरते, कसर लागते, वाळवी तर आहेच. अशा ठिकाणी कोणालाही वाटेल, की कागद नकोच, सगळे मोबाईलवर आणा. टाळेबंदीच्या काळात तर ते प्रकर्षाने वाटले. मार्च २०२० मध्ये राज्यातली ग्रंथालये बंद झाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली. तोपर्यंत पुस्तके कपाटात आणि वाचक घरात.

पण त्याच वर्षी दुसरी बाजूही दिसली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर धडकले. घरांची कौले, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे बंद पडले. दक्षिण रायगडातील कित्येक गावांना त्यानंतर अनेक आठवडे वीज नव्हती. पावसाने कागद भिजतो हे खरे. पण वीज गेली की मोबाईलवरचे पुस्तक भिजल्यावाचूनच नाहीसे होते. म्हणजे दोन्हींत जोखीम आहे. मात्र ई-पुस्तकाची खरी अडचण विजेपेक्षा वेगळी, कागदपत्रांतली आहे. ती आता पाहू.

छापील पुस्तक म्हणजे घरचे बेणे

आपण को ८६०३२ चे बेणे विकत आणून लावले, की त्या प्लॉटातून शेजाऱ्याला चार गुंठ्यांचे बेणे देतो. कोणाची परवानगी लागत नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ यानेही शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. फक्त कोणाच्या छापाच्या नावाने ते विकता येत नाही.

छापील पुस्तकाचे बरेचसे असेच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे पुस्तकाच्या नव्या प्रती काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा. पण जी प्रत एकदा विकली जाऊन बाजारात फिरू लागली, ती पुढे कोणी कोणाला द्यावी यावर त्यांचा अंमल राहात नाही. वाचनालयाने पुस्तक विकत घेतले, दाखल नोंदवहीत क्रमांक घातला, शिक्का मारला, की ती प्रत वाचनालयाची झाली. शंभर जणांना द्या, दोनशे जणांना द्या, शिवून घेऊन पुन्हा द्या. सगळी वाचनालये या एका साध्या गोष्टीवर उभी आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि गावोगाव अनुदानित वाचनालये निघाली, ती याच हिशोबावर.

ई-पुस्तक म्हणजे खंडाची जमीन

ई-पुस्तकात प्रत विकलीच जात नाही. पैसे भरले की मिळते ती वापरण्याची परवानगी, तीही करारातल्या अटींवर. मालकीची जमीन आणि खंडाने केलेली जमीन यांत जो फरक, तोच इथे. खंडाच्या जमिनीत पीक घेता येते, पण विहीर खोदायची तर मालकाला विचारावे लागते आणि मुदत संपली की बांधाबाहेर.

ग्रंथालयांना ई-पुस्तके देण्याची पद्धत अमेरिकेत व युरोपात बरीच रुळली आहे. तेथे काय घडले ते पाहिले म्हणजे पुढचा अंदाज येतो.

पहिली अट, एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. संगणकाला वास्तविक एकाच फाईलच्या हजार प्रती काढता येतात, पण डिजिटल कुलूप लावून ती छापील पुस्तकासारखी वागविली जाते. एकाने नेले की दुसऱ्याने रांगेत थांबायचे. मुदत संपली की पुस्तक आपोआप बंद.

दुसरी अट उलाढालीची. हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने २०११ साली नियम केला, की ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. दोन आठवड्यांची एक देवघेव धरली तर २६ म्हणजे बरोबर एक वर्ष. त्यांचे म्हणणे असे, की छापील पुस्तकही वापरून फाटते आणि नवे घ्यावे लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर लागण झाली, खोडवा झाला, आता निडवा धरू नका, नवीन बेणे विकत घ्या. फरक एवढाच, की खोडव्याचे उत्पन्न खरोखर घटते; फाईल सव्विसाव्या वेळीही पहिल्या दिवसाइतकीच कोरी असते.

तिसरी अट मुदतीची व किमतीची. पेंग्विन रँडम हाऊसने २०१८ मध्ये आणि हॅशेटने २०१९ मध्ये ग्रंथालयांना कायमचा परवाना देणे बंद करून दोन वर्षांचा परवाना सुरू केला. वाचकाला जे नवे ई-पुस्तक दहा-पंधरा डॉलरला मिळते, तेच ग्रंथालयाला पन्नास-साठ डॉलरच्या घरात पडते, आणि तेही मुदतीपुरते.

चौथी अट वाट पाहण्याची. मॅकमिलन या प्रकाशनाने नोव्हेंबर २०१९ पासून नवीन पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय व्यवस्थेला एकच प्रत देण्याचे ठरविले. शहर केवढेही असो, प्रत एक. ग्रंथालयांनी खरेदी थांबवून विरोध केला आणि मार्च २०२० मध्ये हा नियम मागे घेतला गेला.

प्रकाशकाची बाजू

हे वाचून प्रकाशक म्हणजे सावकार असा ग्रह करून घेऊ नये. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आसपास निघते. त्यातला चांगला वाटा ग्रंथालये घेतात. एकाच फाईलवर सगळ्या जिल्ह्याचे वाचन भागले, तर प्रकाशकाने छापायचे काय आणि लेखकाला मानधन द्यायचे कशातून? टाळेबंदीत नवीकोरी पुस्तके पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर फिरविली गेली. पाठविणाऱ्याला ती वाचनसेवा वाटली; ज्याने दोन वर्षे खपून पुस्तक लिहिले त्याच्या दृष्टीने ती उभ्या पिकातली चोरी होती. उसाला दर मिळाला पाहिजे असे आपण म्हणतो, तोच न्याय लेखकाला.

यातून मधली वाट काढता येते. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयातील प्रत्येक देवघेवीमागे लेखकाला सरकारी निधीतून अल्प रक्कम मिळते, आणि जुलै २०१८ पासून घरबसल्या नेलेल्या ई-पुस्तकांनाही ती लागू झाली. नेदरलँडमधील ग्रंथालयांच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगितले, की एका प्रतीवर एकच वाचक ही शिस्त पाळली तर ई-पुस्तक देणे हेही ग्रंथालयाचे देणेच धरता येईल. आपल्या देशात लेखकाला असे देवघेवीमागे मानधन देण्याची तरतूद नाही. राज्यातील ग्रंथालयांनी एकत्र येऊन मागण्यासारखी ही गोष्ट आहे.

पुस्तक दुसऱ्याच्या गोदामात

ई-पुस्तक बहुधा विकणाऱ्याच्या यंत्रणेवर असते. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतली, कारण ती पुरविणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पण पुस्तक गेले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तक नाही.

याच्या शेजारी अलिबागचीच एक गोष्ट ठेवा. तेथे १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. त्याआधी हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ते अलिबागला हलविले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उद्रेकाने मोठे चुंबकीय वादळ झाले, त्याच्या नोंदी कुलाब्याच्या निरीक्षकांनी हाताने कागदावर केल्या होत्या. त्या १४४ वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी अभ्यासून त्या वादळाचा जोर मोजला. कागद जपलेला होता, मालकीचा होता, आणि तो उघडायला कोणाचा संकेतशब्द लागला नाही. मुदतीच्या परवान्यावर घेतलेल्या पुस्तकाला ही खात्री नाही.

मग आपणच स्कॅन केले तर?

हा प्रश्न येणारच. कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्यावे.

१) कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(एन) प्रमाणे नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे छापील प्रत असल्यास, जतनासाठी ती संगणकात साठविता येते. लक्षात घ्या, परवानगी जतनासाठी आहे. ती फाईल सभासदांना वाटण्याची मुभा या कलमात लिहिलेली नाही.

२) कलम ५२(१)(ओ) प्रमाणे, जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी काढता येतात.

३) कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे अंध व अपंग वाचकांसाठी, त्यांना वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक तयार करता येते, मात्र त्यातून नफा घ्यायचा नाही आणि ते त्यांच्यापुरतेच ठेवायचे. या विषयावरील मराकेश आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा पहिला देश. आपल्याकडे या सवलतीचा उपयोग फार थोडी वाचनालये करतात.

अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने छापील पुस्तके स्कॅन करून, जितक्या प्रती तितकेच वाचक या शिस्तीने देणे सुरू केले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे तिने रांगेची अट काही काळ उठविली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला. मार्च २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. विशेष म्हणजे ही पद्धत रांग पाळूनही चालणार नाही असे न्यायालय म्हणाले. पाच लाखांवर पुस्तके त्या संस्थेला देवघेवीतून काढावी लागली. अमेरिकेचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत झाली, तर गावच्या वाचनालयाने हा धोका पत्करू नये.

साठ वर्षांचा हिशोब

मोकळेपणाने देता येतील अशीही पुस्तके भरपूर आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. हिशोब असा करावा:

महात्मा फुले, निधन १८९०. 'शेतकऱ्याचा असूड' सह सर्व लेखन केव्हाच मुक्त.

साने गुरुजी, निधन १९५०. १ जानेवारी २०११ पासून मुक्त.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर, निधन १९५६. १ जानेवारी २०१७ पासून मुक्त.

अण्णा भाऊ साठे व आचार्य अत्रे, दोघांचेही निधन १९६९. हक्क २०२९ अखेर.

वि. स. खांडेकर, निधन १९७६. हक्क २०३६ अखेर.

पु. ल. देशपांडे, निधन २०००. हक्क २०६० अखेर.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ लेखन मुक्त असले तरी त्याचा नवा अनुवाद, नवी प्रस्तावना, टीपा यांचा हक्क वेगळा असतो. आणि लेखकाच्या निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची साठ वर्षे प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजतात.

मराठीची खास अडचण

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून आली. पुण्याची बुकगंगा मराठी ई-पुस्तके विकते. पण हा सगळा व्यवहार मुख्यतः एकेकट्या वाचकासाठी आहे. एका व्यक्तीच्या खात्यावर पुस्तके घेऊन तो टॅब गावभर फिरविणे बहुधा खात्याच्या अटींत बसत नाही.

शिवाय जुन्या मराठी पुस्तकांची संगणकजुळणी श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींत झालेली आहे. त्या फाईली युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या सरकतात, पुन्हा सगळे मुद्रितशोधन करावे लागते. तो खर्च परवडत नाही म्हणून पुष्कळदा पानांचे नुसते फोटो दिले जातात. लहान मोबाईलवर ते वाचताना ओळ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवीत बसावे लागते. साठीच्या पुढचा वाचक दोन पानांत कंटाळतो. आणि घरातला एकच चांगला मोबाईल मुलाच्या खिशात गेला, की आईने, सुनेने, आजोबांनी वाचायचे कशावर? वाचनालयाचे नियमित वाचक तर हेच.

कार्यकारिणीने काय करावे

१) कपाटे मोडू नयेत. छापील संग्रह ही वाचनालयाची मालमत्ता आहे. आधी तिची गणती करा.

२) ई-पुस्तकांची वर्गणी घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी उत्तरे घ्या. विकत की मुदतीने? एका वेळी किती वाचक? किती उलाढाली? वर्गणी बंद केली तर हातात काय उरते? कंपनी बंद पडली तर काय? शेवटच्या दोन प्रश्नांना "काही नाही" असे उत्तर आले, तर तो खर्च मालमत्ता म्हणून धरू नका.

३) ग्रंथखरेदीच्या पैशातून चालू वर्गणी भरण्याआधी अलिबागप्रमाणेच आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यी असलेल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या. तपासणीत दाखल नोंदवही पाहिली जाते.

४) फुकट व कायदेशीर साठ्यांचा आधी पुरेपूर उपयोग करा. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मोफत मिळतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पुस्तके देते. मराठी विकिस्रोतावर मुक्त ग्रंथ आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये देशाला खुले झाले. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ते दाखवा. यासाठी एक संगणक व एक जाणकार मुलगा पुरेसा आहे.

५) व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ वाचनालयाच्या नावाने पुढे पाठवू नका. सभासदांनी पाठविली तर कोठून आली ते विचारा.

६) गावातील जुनी दुर्मीळ पुस्तके, शतकापूर्वीची मासिके, स्थानिक इतिहासाच्या वह्या यांचे स्कॅन जतनासाठी जरूर करा. दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा, आणि मूळ कागद फेकू नका.

७) अंध वाचक गावात असेल तर त्याच्यासाठी बोलके पुस्तक करून द्या. कायदा आपल्या बाजूने आहे.

आता ठरावाविषयी. टॅब घ्यायला हरकत नाही. पाऊस-वाऱ्यात, रात्री-अपरात्री, दूरच्या वस्तीवर मोबाईलवरचे पुस्तक उपयोगी पडते हे खरेच आहे. पण कपाटे विकून टॅब घेणे म्हणजे मालकीचे शिवार विकून खंडाने जमीन करणे होय. आणि या व्यवहारात खंडाचा दर व मुदत दोन्ही समोरचाच ठरवितो. एकेकट्या वाचनालयाला घासाघीस करता येणार नाही; तालुक्यातील, जिल्ह्यातील वाचनालयांनी मिळून मागणी केली तर प्रकाशक ऐकतील. एकट्याच्या उसाला भाव मिळत नव्हता म्हणून तर आपण कारखाना काढला. हा धडा ग्रंथालयांनाही लागू आहे.

ठराव ज्या सभेपुढे येणार आहे, त्या सभेला प्रत्येकाने हजर राहावे, वरील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. एकदा रद्दीत गेलेले पुस्तक परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी